सिस्टरबाईच्या कबरीवरचे पाळणे

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते वाकळ पिळायचं. घट बसायला चार दिवस होते. घट बसायच्या आधी आमच्याकडं घराघरातली सगळी धुणी बाहेर निघतात. वाकळा, चादरी, पडदे, काही राहत नाही. माझी बायको ख्रिश्चन. तिला घटाचं काही नव्हतं, पण धुण्याचं होतं. ती म्हणायची, "तुमच्या देवीचं हे एक काम मला आवडतं. वर्षातून एकदा का होईना, गावाला अंथरूण धुवायला लावते."

विहिरीवरची मोटर चालू केली आणि वाकळ धुतली. पाणी प्यालेली वाकळ एका माणसाला उचलत नाही. एक टोक तिनं धरलं, एक मी. तिनं पीळ दिला, मीही दिला, पण वाकळ नुसती गरागरा फिरली, पाणी काही गळेना.

"अहो, माझ्या हाताकडं बघून फिरवताय तुम्ही," ती म्हणाली. "आरशात बघितल्यासारखं. मी माझ्या उजवीकडं फिरवते, तुम्ही तुमच्या उजवीकडं फिरवा."

"चाळीस वर्षं पिळतोय की."

"चाळीस वर्षं मी हेच सांगतेय."

पिळता पिळता बोलणं निघालं ते शेजारच्या म्हाताऱ्याचं. तो आदल्या आठवड्यात गेला होता. त्याच्या नातवानं मोबाईलवर म्हाताऱ्याच्या फोटोला पांढरे पंख लावून टाकले होते आणि खाली लिहिलं होतं, आमचे आजोबा देवदूत झाले. मी तिला म्हणालो, "तुमच्यातलंच घेतलंय की पोरानं."

"आमच्यात असं काही नाही. माणूस मेलं म्हणून देवदूत होत नाही. म्हैस मेली तर घोडा होते का? देवदूत ही वेगळी जात. माणूस ते माणूसच राहतं."

"मग तू गेल्यावर काय हुनार?"

"मी झोपणार. जन्मभर लोकांनी रात्रीचं उठवलंय मला."

एवढं बोलून ती हसली आणि म्हणाली, "दम लागला हो. एवढी वाळत टाका." ती विहिरीच्या पायरीवर टेकली. मी वाकळ तारेवर टाकली, चार ठिकाणी ओढून सरळ केली. मागं वळलो तर ती मोटरीच्या पेटीला डोकं लावून बसलेली. मी म्हटलं, झोपली. हाक मारली. मग जवळ गेलो.

कुंडलच्या पलीकडं आमचं गाव. ती मूळची सांगलीची. मिशनच्या वसाहतीत वाढली, मिशनच्याच दवाखान्यात नर्सिंग शिकली आणि सरकारी नोकरीवर आमच्या गावच्या उपकेंद्रात आली. आमच्या सोप्याला लागून एक खोली होती, ती भाड्यानं घेतली. मी चौथी शिकलेला, उसाच्या रानात राबणारा. दोन वर्षांनी सांगलीला जाऊन आम्ही रजिस्टर लग्न केलं. तिनं धर्म सोडला नाही, मी घेतला नाही. भावकीनं आमच्या घरचं पाणी पिणं बंद केलं. मग थोरल्या वहिनीचं बाळ पोटात आडवं आलं, पावसात रस्ता बंद, आणि हिनं ते बाळ फिरवून सुखरूप काढलं. दुसऱ्या दिवशी थोरला भाऊ आमच्या दारात येऊन म्हणाला, "पानी आन गं प्यायला." तिथं तो वाद मिटला.

गाव तिला सिस्टरबाई म्हणायचं. सिस्टरचा नवरा म्हणून मी अख्ख्या गावाचा दाजी. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली. आम्हाला मात्र मूल झालं नाही. तपासण्या झाल्या, औषधं झाली. एक दिवस ती म्हणाली, "आता बास." मीही बास म्हणालो.

तिनं सांगून ठेवलं होतं, मला जाळू नका, पुरा. सांगलीला त्यांच्या माणसांची दफनभूमी आहे. तिथं नेली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण मला ती लांब जायला नको होती. मी म्हटलं, माझ्या रानात ठेवणार, विहिरीजवळच्या लिंबाखाली. सांगलीहून त्यांचे पाळक आले, बरोबर चर्चची पाच-सहा माणसं. गाव त्यांना फादर म्हणत होतं. ते प्रत्येकाला सांगत होते, "मी फादर नाही, पाळक आहे. फादर लग्न करत नाहीत. मला बायको आहे, दोन मुली आहेत." लोक म्हणायचे, "व्हय फादर."

त्यांनी प्रार्थना केली, पुस्तकातलं वाचलं. त्यातलं मला एवढंच ऐकू आलं, की शेवटच्या दिवशी ती उठेल. नुसता आत्मा नव्हे, देहानं उठेल. बाकीचं माझ्या कानावरून गेलं. हे एक मी घट्ट धरून ठेवलं.

पंधरा दिवसांनी कट्टा बांधायला गवंडी बोलावला. हा आमच्याच गावचा, त्याची दोन्ही पोरं सिस्टरच्या हातची. मी त्याला म्हणालो, "फरशी जड टाकू नगंस."

"का वं दाजी?"

"तिला उठायचं हाय."

तो थापी हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. "कवा?"

"कवा ते सांगितलं न्हाई त्यांनी."

तो हसला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "मग पातळ शहाबादी टाकतो. आन शिमिट न्हाई लावत. आतनं ढकललं की सरकंल." तसंच त्यानं केलं. डोक्याकडं सळयांचा क्रूस रोवला. आणि माझ्याशी न बोलता क्रूसाच्या बुडाला एक दिवळी केली. मी म्हटलं, ही कशाला? तर म्हणाला, "माझ्या आज्ज्याच्या समाधीला हाय. दिव्याला वारं लागत न्हाई." मी म्हटलं, असू दे.

पहिला नारळ त्यानंच फोडला. त्याच्या लेकीला सहा वर्षं मूल नव्हतं. पुढं तिला दिवस राहिले. सांगलीच्या डॉक्टरकडं तिची वर्षभर औषधं चालली होती, हे गवंड्यानं कुणाला सांगितलं नाही. तो सांगत सुटला सिस्टरबाईचं. लेक माहेरी आली तेव्हा तिनं हातभर लाकडी पाळणा आणून क्रूसाच्या उजव्या हाताला बांधला. आमच्याकडं मुलाच्या नवसाला देवीच्या दारात पाळणा बांधतात, तसा. महिन्याभरात दुसरा आला, मग तिसरा. कुणी लाकडी, कुणी पत्र्याचा, कुणी ब्लाउजपिसाच्या झोळीचा. वारं आलं की सगळे हलायचे.

बायका आपसात बोलायच्या. एक म्हणाली, "तिला सोताला न्हाई झालं, ती दुसऱ्याला काय देनार?" दुसरी म्हणाली, "तसं न्हाई गं. तिच्या वाट्याची पोरं वर शिल्लक हायत. ती वाटून देती." हे सगळ्यांना पटलं.

ख्रिश्चन देव म्हणून वार ठरला रविवार. नारळाबरोबर मेणबत्ती आली. निवद कशाचा, तर पावाचा, कारण ख्रिश्चन पाव खातात. बेकरीतल्या पावाची लादी ठेवायच्या, वर साखर. तिला पाव कधीच आवडला नाही. पाव खाल्ला की पोटात गॅस होतो म्हणायची. ज्वारीची भाकरी आणि खर्डा असला की तिचा रविवार झाला. पण हे मी कुणाला सांगितलं नाही. पावाच्या लाद्या मी घरी न्यायचो आणि चहात बुडवून खायचो.

मला या सगळ्याचं वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, बरं वाटलं. घरात एक ताट, एक तांब्या. दिवस दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. रविवारी मात्र लिंबाखाली बायका जमायच्या आणि तिच्याबद्दलच बोलायच्या. तिनं कुणाच्या सासूला कसं झापलं, कुणाच्या नवऱ्याला दारू पिऊन आला म्हणून दाराबाहेर कसं बसवलं. ती असल्यासारखं वाटायचं. मी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. सकाळी झाडून सडा टाकायला लागलो. एखादी विचारायची, "दाजी, दील का सिस्टरआई?" सुरुवातीला मी नुसती मान हलवायचो. मग म्हणायला लागलो, "दील की. का न्हाई देनार?"

उन्हाळ्याच्या तोंडाला कुणीतरी या सगळ्याचा व्हिडिओ काढून मोबाईलवर सोडला. तो सांगलीला पाळकांपर्यंत गेला. एका दुपारी ते एकटेच आले. लिंबाखाली उभे राहून सगळं बघितलं. पाळणे, नारळाच्या शेंड्या, दिवळीतलं काजळ, शिळे पाव. मला वाटलं ओरडतील. ते बांधावर बसले आणि रुमालानं मान पुसत म्हणाले, "आबा, तिला हे आवडलं असतं का?"

मी म्हटलं, "आवडायचं काय त्यात? चांगली बाई व्हती. गाव संत म्हनतंय. तुमाला बरं वाटाय पायजे."

"आमच्यातही पवित्र जन म्हणतात. पण विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाला, आणि जिवंतपणीच. त्यासाठी मरावं लागत नाही, चमत्कार करावा लागत नाही."

"म्हंजे माझ्याशी भांडत व्हती तवाबी ती संतच?"

"तेव्हाही."

हे मला पटेना. भाकरी करपली की तवा आपटणारी बाई संत कशी? मी म्हटलं, "गोव्याला ट्रिपला गेलो तवा म्या डोळ्यांनी बघितलंय. तुमच्यातच लोक संताच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या लावत्यात."

"ते कॅथलिक. त्यांच्यात आमच्यात फरक आहे. पण तेही संताला देव मानत नाहीत. आमच्यासाठी देवाजवळ शब्द टाक, असं म्हणतात. आणि त्यांचं चर्चसुद्धा कुणाला संत बनवत नाही. हा माणूस देवाजवळ पोचलाय, एवढं ते ओळखतं. तेही पुष्कळ वर्षं तपासून. तुम्ही गावानं सहा महिन्यांत उरकलंत."

"मग तिला आमचं ऐकू येत न्हाई व्हय?"

"ती देवाजवळ आहे. तिला काय ऐकू येतं ते मला ठाऊक नाही. आम्ही गेलेल्या माणसाकडं मागत नाही."

मी म्हटलं, मग एवढी बाळंतपणं केली, ते पुण्य गेलं कुठं? मला वाटत होतं वर दारात किल्ली घेऊन कुणी म्हातारा बसलेला असतो, तो बघतो ह्यानं काय काय चांगलं केलं, आणि आत सोडतो. सिनेमात तसंच दाखवतात. पाळक म्हणाले, "चांगलं काम दाखवून आत जाता येत नाही. ते देवाच्या कृपेवर असतं."

"म्हंजे बाळंतपनं फुकट?"

"फुकटच केली की तिनं. बदल्यात कुणाकडं काही मागितलं का? देवाकडंही नाही मागितलं."

त्यांनी कट्ट्यावर हात टेकला तर फरशी हलली. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी फरशी सुटी ठेवायचं कारण सांगितलं. त्यांनी हात अलगद काढून घेतला आणि म्हणाले, "आबा, देवाला फरशी जड होत नाही."

तेव्हा मला धीर आला आणि इतके महिने पोटात होतं ते मी विचारलं. "म्या बाप्तिस्मा घेतला न्हाई. घेतला तर तिच्याजवळ जागा मिळंल का?"

"बाप्तिस्मा म्हणजे एसटीची सीट नव्हे, खिडकीतनं रुमाल टाकून धरायला. येशूवर विश्वास बसला तर घ्या. बायकोसाठी घेऊ नका."

"आन न्हाई घेतला तर?"

"तुमचा न्याय मी करणार नाही. तो माझा अधिकार नाही."

"बरं, भेटली समजा. तर माझी बायको म्हनून भेटंल न्हवं?"

त्यांनी रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. इतका वेळ सगळ्याला त्यांच्याजवळ उत्तर होतं. मग हळू आवाजात म्हणाले, "तिथं लग्न नसतं, आबा. प्रभूनं तसं सांगितलंय. पण त्याचा अर्थ असा नाही की..."

पुढचं मी ऐकलं नाही. मी उठलो आणि म्हणालो, "जावा तुमी." ते काहीतरी समजावत होते. मी म्हटलं, "फादर, जावा." या खेपेला ते पाळक असल्याचं बोलले नाहीत. गेले.

ते गेल्यावर मी क्रूसाजवळ बसलो आणि तिला म्हणालो, बघ, तुझीच माणसं तुला माझी म्हणत न्हाईत. हितं तर तू माझी हायस. त्या दिवसापासून मी जास्तच करायला लागलो. दिवळीत रोज दिवा, कट्ट्याला रंग. वर लग्न नसंल तर नसू दे, म्हटलं. रानात आहे ना.

पुढच्या रविवारी थोरल्या आळीतली एक म्हातारी आली. माझ्याच वयाची. तिची तिन्ही बाळंतपणं सिस्टरनं केलेली. बरोबर सून होती, पहिलटकरीण, आठवा महिना. पोरीचे पाय सुजले होते. जोडवी मांसात रुतली होती. मी ते बघितलं.

म्हातारी म्हणाली, "दाजी, उपकेंद्रातली नवी पोरगी म्हनती, बीपी वाढलंय, आजच्या आज सांगलीला न्या. म्या म्हनलं, आपली सिस्टरआई असताना सांगली कशाला? माझी तिन्ही तिनंच सोडवली. हिचीबी बघंल न्हवं?"

त्या नव्या नर्सवर माझा राग होता. तिनं माझं काही वाईट केलं नव्हतं. उपकेंद्रात ती हिच्या खुर्चीत बसत होती, एवढाच तिचा गुन्हा. आणि म्हातारी माझ्याकडं अशी बघत होती, जणू सिस्टरशीच बोलतेय. मी म्हणालो, "बघंल की. तिच्यावर सोडा."

हे माझे शब्द. बदलून लिहिता येत नाहीत.

आठ दिवसांनी त्या दोघी परत आल्या. म्हातारीनं पाव ठेवला, मेणबत्ती लावली. सून कट्ट्याला टेकून खाली बसली. तोंड फुगलेलं, हात कपाळावर. सासू म्हणाली, "पाया पड." पोरगी मेणबत्तीकडं बघून म्हणाली, "आत्या, दोन हायत का ओ? मला दोन दिसत्यात."

मेणबत्ती एकच होती.

माझ्या बायकोनं दर पावसाळ्यात, दर उन्हाळ्यात, जेवताना, दळण निवडताना हेच सांगितलेलं मी ऐकत आलो होतो. पाय सुजले, डोकं धरलं, डोळ्यापुढं दोन दिसायला लागलं, की थांबायचं नाही. अंगठा दाबून बघायचं. मी खाली बसलो आणि पोरीच्या नडगीवर अंगठा दाबला. उचलला तर खड्डा तसाच. भरून येईना.

मी म्हातारीवर ओरडलो, "उठ! गाडी बोलाव!"

"आवं पन दिवा तरी..."

"दिवा घाल चुलीत!"

गवंड्याची गाडी घेतली. मागच्या सीटवर पोरगी मधे, एका बाजूला सासू, एका बाजूला मी. वाटेत तिला झटका आला. दातखीळ बसली, अंग ताठ. मी तिला कुशीवर वळवून धरलं, तेही मी घरात ऐकलेलंच. सांगलीच्या सरकारी दवाखान्यात पोचलो, तिला आत नेलं. आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो. उन्हं कलली तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आली. पोरगी वाचली होती. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "आठवडाभर आधी आणली असती तर दोघी वाचल्या असत्या."

मी मनात मोजायला गेलो नाही. मोजायची गरज नव्हती.

म्हातारी थोडा वेळ पदर तोंडात धरून रडली. मग तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं वळली. तिचं तोंड शांत झालं होतं. म्हणाली, "दाजी, कळलं का तुमाला? सिस्टरआईनं पोर घेतली आन सून दिली."

"काय?"

"तिला मूल न्हवतं न्हवं? तिला एक पायजे व्हतं. तिनं नेली आपल्याला. असू द्या, माझा राग न्हाई तिच्यावर. येत्या रविवारी तिची वटी भरनार म्या. बाळंतिनीची वटी."

जी बाई दुसऱ्याचं पोर जगावं म्हणून चिखल तुडवत गेली, तिला आम्ही पोरं नेणारी करून ठेवली होती. मी म्हणालो, "म्हातारे, ती कुनाची पोरं घेनारी न्हवं. चूक माझी हाय. मागच्या रविवारी म्या म्हनलो बघंल. नर्स पोरगी बरोबर सांगत व्हती."

म्हातारीनं माझ्या हातावर हात ठेवला. "तुमी कुठलं दाजी. तुमच्या तोंडून तीच बोलली."

यापुढं तिला काय सांगणार? बाळ जगलं असतं तर सिस्टरआईनं दिलं. मेलं तर सिस्टरआईनं घेतलं. औषधानं झालं तरी तीच, न झालं तरी तीच. पाळकानं जे सांगितलं त्यातलं निम्मं मला कळलं नव्हतं, पण ते हे थांबवायला आले होते, एवढं त्या बाकड्यावर बसून कळलं. ती चांगली बाई होती. त्याच्यावर आम्ही जे चढवलं ते सगळं आमचं होतं. आणि सगळ्यात जास्त माझं. मला ती सोडवत नव्हती, म्हणून मी तिला लिंबाखाली बसवून ठेवली आणि तिच्या तोंडून बोलत राहिलो.

गवंडी मला घरी सोडून गेला. मी जेवलो नाही.

सकाळी दिवस उगवताना विळा आणि पहार घेऊन रानात गेलो. पाळणे एकेक कापले. सुतळ्या वाळून कडक झाल्या होत्या, काही गाठी दातांनी सोडवाव्या लागल्या. पाळणे पोत्यात भरले. मग दिवळी फोडली. गवंड्यानं तिथं सिमेंट चांगलं धरलं होतं, पहिल्या चार घावांना हललीच नाही. ती निघाल्यावर सुटी फरशी सरकवून बाजूला ठेवली, कट्टा पाडला आणि विटा बांधावर रचल्या. शेंड्या, काजळ, मेण सगळं खरवडून काढलं. क्रूस तेवढा ठेवला. पायाखाली साधी जमीन राहिली, जशी सांगलीला त्यांच्याकडं असते.

मी घाम पुसत होतो तर पाटाच्या कडेनं एक बाई आली. ओळखीची नव्हती, कुठल्या तरी दुसऱ्या गावची. पोट दिसत होतं, पाचवा-सहावा महिना असेल. हातातल्या पिशवीत पावाची लादी, नारळ. फोडलेल्या विटांकडं बघून ती थबकली.

"बाबा, सिस्टरआईचं ठिकान हेच न्हवं?"

कालपर्यंत मी म्हणत होतो, हेच, ये बाई, बस. त्या एका शब्दावर मी इतके महिने काढले होते.

"व्हतं," मी म्हणालो. "ती हितं न्हाई."

"मग कुठं हाय?"

"मला म्हाईत न्हाई, बाई."

मी विचारलं, "डोकं दुखतंय का? पाय बघू." तिनं लुगड्याचा काठ जरा वर केला. पाय बरे दिसत होते, पण मला त्यातलं काय कळतंय. मी म्हटलं, "गावात उपकेंद्र हाय. तिथं एक नर्स पोरगी हाय, चांगली हाय. बीपी बघंल तुझं."

"मला वाट म्हाईत न्हाई."

मी पहार बांधाला लावून ठेवली, पायात चपला घातल्या आणि तिला घेऊन निघालो.